एफडीचा दर बघण्याआधी तुमच्या कर्जाचा दर बघा

"सर, व्याजदर वाढायला लागले की पैसे कुठे लावायचे?" हा प्रश्न नगरच्या बॅचमध्ये येतो, संगमनेरला येतो, श्रीरामपूरला येतो. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातून अजून नगरच येतं, सांभाळून घ्या.) व्हिडिओत बोललोय यावर, पण आकडेमोड पडद्यावर पळून जाते. वही-पेन घेऊन बसता यावं म्हणून ती इथे निवांत लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याने धंदा सुरू केलाय किंवा वर्षभरात करणार आहे, त्याच्यासाठी "कुठे लावू" हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की माझ्यावर कोणत्या दराचं कर्ज आहे, आणि माझे पैसे कोणाकोणाकडे बिनव्याजी अडकलेत? टीव्हीवर पोर्टफोलिओ म्हटलं की शेअर, म्युच्युअल फंड, बॉण्ड आणि सोनं दाखवतात. पगारदार माणसासाठी ते ठीक आहे. तुमच्या पोर्टफोलिओत कॅश क्रेडिट आहे, मशीनचं टर्म लोन आहे, घराचं कर्ज आहे, गोडाऊनमधला माल आहे, गिऱ्हाइकांकडची उधारी आहे, आणि मग कुठेतरी कोपऱ्यात एक एफडी आणि एक एसआयपी. दर वाढले की पहिला दणका बसतो तो तुम्ही गुंतवणूक म्हणून मोजतच नाही त्या भागाला.

आता कुणी म्हणेल, सर, २०२५ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने चारदा दर कमी केले, रेपो ६.५० वरून डिसेंबरमध्ये ५.२५ वर आला, मग वाढीची चर्चा कशाला? घराची कौलं आपण पावसाआधी बघतो ना, तसंच हे. दर वाढायला लागल्यावर हालचाल करायला फार वेळ मिळत नाही. मागच्या वेळी किती मिळाला ते बघा.

नऊ महिने आणि अडीच टक्के

मे २०२० पासून रेपो ४ टक्क्यांवर होता. जवळपास दोन वर्षं तो हललाच नाही, आणि लोकांना वाटायला लागलं की कर्ज असंच स्वस्त राहणार. मग ४ मे २०२२ ला, ठरलेली बैठक नसताना, रिझर्व्ह बँकेने तो ४.४० केला. जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरअखेर ५.९०, डिसेंबरमध्ये ६.२५ आणि ८ फेब्रुवारी २०२३ ला ६.५०. म्हणजे नऊ महिन्यांत अडीच टक्के. कारण महागाई होतं. युक्रेनचं युद्ध, तेल, धान्य, सगळंच महागलं होतं. अमेरिकेत तर त्याच काळात दर शून्याजवळून सव्वापाच-साडेपाचपर्यंत नेले गेले.

हे तुमच्या दुकानापर्यंत कसं पोचतं? १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जं बाहेरच्या एखाद्या दराशी जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी रेपो निवडला. नियम असा, की तीन महिन्यांत निदान एकदा दर नव्याने ठरला पाहिजे. म्हणजे मुंबईत रेपो वाढला की तीन महिन्यांच्या आत सुप्याच्या एमआयडीसीतल्या तुमच्या शेडचं कर्ज महाग होणार. बँक मॅनेजर ओळखीचा असून उपयोग नाही, ते त्याच्या हातात नाही. सहकारी बँका आणि पतसंस्थांना हा नियम नाही, तिथे संचालक मंडळ ठरवतं.

आता हिशोब. समजा १० लाखांचं मशीनचं कर्ज आहे, सात वर्षांचं, दर ९ टक्के. हप्ता येतो १६,०८९ रुपये. दर साडेअकरा झाला तर हप्ता होतो १७,३८६. महिन्याला साधारण तेराशे जास्त. "एवढंच ना सर?" एवढंच. पण बऱ्याचदा बँक हप्ता वाढवतच नाही, मुदत वाढवते, आणि तुम्हाला ते कळतही नाही. हप्ता १६,०८९ च ठेवला तर ८४ हप्त्यांचं कर्ज ९५ हप्त्यांवर जातं. अकरा हप्ते जास्त, गुणाकार करून बघा. घराच्या कर्जासारख्या वैयक्तिक कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितलंय, की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. धंद्याच्या कर्जात कुणी विचारेल याची वाट बघू नका, वर्षातून दोनदा शाखेत जाऊन उरलेल्या हप्त्यांचा तक्ता मागा.

कॅश क्रेडिटचं गणित आणखी सरळ आहे. सरासरी ६ लाख वापरात असतील तर अडीच टक्के म्हणजे वर्षाला १५ हजार. छोट्या किराणा दुकानात महिनाभर काम करणाऱ्या पोराचा पगार गेला.

आणि ठेवींचं काय? इथे गंमत आहे. बँका कर्जाचा दर पटकन वाढवतात आणि ठेवींचा सावकाश. पोस्टातली एनएससी बघा. एप्रिल २०२० पासून ६.८ टक्के होती. रेपो मे २०२२ मध्ये वाढायला लागला, एनएससी पहिल्यांदा हलली ती जानेवारी २०२३ मध्ये, ७ टक्के, आणि ७.७ झाली एप्रिल २०२३ मध्ये. पीपीएफ तर ७.१ वर बसला तो बसलाच. म्हणजे ज्याच्याकडे कर्ज आणि ठेव दोन्ही आहेत, त्याला खर्च आधी लागतो आणि उत्पन्न नंतर मिळतं. धंदेवाल्याकडे दोन्ही असतात, म्हणून त्याला हा मधला काळ सगळ्यात जास्त टोचतो.

मग पहिला पैसा कुठे?

कर्जात. दर वाढायला लागले आणि हातात दोन लाख मोकळे आहेत असं समजा. साडेअकराचं कर्ज कमी केलं तर वर्षाला २३ हजार वाचतात. सात टक्क्यांची एफडी केली तर १४ हजार मिळतात. कुणी सीए मित्र म्हणेल, धंद्याच्या कर्जाचं व्याज खर्चात धरता येतं, त्यावर कर वाचतो. बरोबर आहे. पण एफडीच्या व्याजावरही त्याच दराने कर लागतो, त्यामुळे दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात खाली येतात आणि तफावत राहतेच. धंद्यावर कर्ज ठेवून वर एफडी करणारी माणसं मला दर बॅचमध्ये भेटतात. "एफडी असली की सर, मनाला बरं वाटतं." त्या बरं वाटण्याची किंमत इथे नऊ हजार रुपये आहे, ती द्यायची असेल तर कळून द्या.

पण सगळेच पैसे टर्म लोनमध्ये भरू नका. टर्म लोनमध्ये भरलेला पैसा परत काढता येत नाही. कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट असेल तर पैसा तिथे भरा. त्यात व्याज रोजच्या शिलकीवर लागतं, भरलेल्या दिवसापासून वाचायला लागतं, आणि दिवाळीचा माल भरायची वेळ आली की तोच पैसा परत काढता येतो. एक काळजी घ्या, मर्यादा वर्षभर रिकामी दिसली तर नूतनीकरणाच्या वेळी बँक ती कमी करू शकते, आणि काही बँका न वापरलेल्या मर्यादेवर आकार लावतात. मंजुरीपत्र वाचा. मुदतीआधी फेडीच्या दंडाबद्दलही विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर व्यापारी बँकांना व्यक्तींकडून आणि सूक्ष्म-लघु उद्योगांकडून असा दंड घेता येत नाही. त्याआधीचं कर्ज असेल, किंवा पतसंस्थेचं असेल, तर तुमच्या कागदात काय लिहिलंय ते बघा.

दुसरा पैसा उधारीतून काढा. ही जागा कुणीच बघत नाही. तुमचे कायम ४ लाख गिऱ्हाइकांकडे फिरत असतील, तर ती शून्य टक्क्यांची ठेव आहे, आणि ती तुम्ही कॅश क्रेडिट काढून ठेवलीय. ९ टक्क्यांनी तिचा वर्षाचा खर्च ३६ हजार, साडेअकरा टक्क्यांनी ४६ हजार. वर दर वाढले की सगळेच पैसे धरून ठेवतात. मोठा गिऱ्हाईक तीस दिवसांऐवजी साठ दिवस लावायला लागतो, कारण तुमच्याकडचा पैसा त्याला बँकेपेक्षा स्वस्त पडतो.

उत्पादन किंवा सेवा करणाऱ्या आणि उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला इथे २००६ च्या एमएसएमई कायद्याचा आधार आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे बिल थांबवता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. फेब्रुवारी २०२३ मध्ये बँक रेट ६.७५ झाला तेव्हा हे व्याज २०.२५ टक्के झालं. डिसेंबर २०२५ मध्ये बँक रेट ५.५० होता, म्हणजे साडेसोळा. म्हणजे दर वाढले की तुमचा हक्कही आपोआप वाढतो. हा फायदा निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही, तेवढं लक्षात ठेवा. रोजच्या गिऱ्हाइकावर तक्रार ठोका असं मी म्हणत नाही, नगरसारख्या ठिकाणी धंदा करायचाय आपल्याला. पण बिलावर उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ छापायला काय जातं? समोरच्याचा सीए ती वाचतो, कारण ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते दिले जाईपर्यंत तो खर्च त्याला आयकरात धरता येत नाही.

मालाबद्दल थोडक्यात. घोडेगाव, नेप्ती भागातले कांदेवाले विचारतात, दर वाढले तर चाळीत कांदा ठेवायचा का? ५ लाखांचा कांदा पाच महिने ठेवला तर ९ टक्क्यांनी व्याज १८,७५० आणि साडेअकराने साधारण २४ हजार. फरक सव्वापाच हजारांचा. वजनात येणारी घट आणि सड यापुढे हा आकडा काहीच नाही. तिथे चाळ नीट बघा, रेपो नंतर. रेडिमेड कपडे, मोबाईल, चप्पल यांचं गणित वेगळं आहे, तिथे पडून राहिलेला माल व्याजही खातो आणि जुनाही होतो.

सरकारी कागद आणि बुडालेली बँक

आता खऱ्या अर्थाने पोर्टफोलिओ म्हणतात तिकडे येऊ. "दर वाढले की बॉण्ड पडतात" असं ऐकता, पण का पडतात हे कुणी मराठीत सांगत नाही.

समजा तुमच्याकडे एक लाखाचा सरकारी कागद आहे, दहा वर्षं दरसाल साडेसहा हजार देणारा. बाजारातला दर साडेसात टक्के झाला. आता नवा कागद घेणाऱ्याला लाखाला साडेसात हजार मिळतात. तुमचा जुना, साडेसहा हजार देणारा कागद तो लाखाला कशाला घेईल? हिशोब केला तर त्याची किंमत येते साधारण ९३,१०० रुपये. जवळपास सात हजार गेले, आणि सरकार बुडालं नाही, कुणी फसवलं नाही. हाच कागद एका वर्षाचा असता तर किंमत आली असती ९९,०७० च्या आसपास, म्हणजे हजाराच्या आतलं नुकसान. मुदत जितकी लांब तितका दणका मोठा. दहाही वर्षं थांबलात तर तुमचे लाख परत मिळतात, पण मध्येच पैसे लागले तर नुकसान खरं होतं. आणि धंद्यात मध्येच पैसे लागतात, ते लागतातच.

यात एक मोठी बँक बुडालेली आहे. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक. दर कमी असताना तिच्याकडे ठेवींचा पूर आला, तिने त्यातला मोठा भाग लांब मुदतीच्या सरकारी आणि सरकारी हमीच्या रोख्यांत लावला. २०२२ मध्ये दर वाढले, रोख्यांच्या किमती पडल्या, त्याच वेळी ठेवीदार पैसे काढायला लागले. बँकेने २१ अब्ज डॉलरचे रोखे विकले, त्यात १.८ अब्ज डॉलरचा तोटा दाखवावा लागला. बातमी फुटली, लोकांनी मोबाईलवरून पैसे काढले, आणि १० मार्च २०२३ ला बँक बंद झाली. कागद उत्तम होते, मुदत चुकली होती.

म्हणून डेट म्युच्युअल फंडात पैसे असतील तर फंडाच्या नावाने फसू नका. "डेट" म्हणजे सुरक्षित असं सरसकट नसतं. गिल्ट फंड आणि लाँग ड्युरेशन फंड दर वाढताना पडतात, लिक्विड आणि अल्प मुदतीचे फारसे हलत नाहीत. वर्ष-दीड वर्षात लागणारा धंद्याचा पैसा लांब मुदतीच्या फंडात ठेवू नका, एजंट गेल्या वर्षीचा परतावा कितीही चांगला दाखवो. तो परतावा बऱ्याचदा दर घसरल्यामुळे आलेला असतो. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांवर कराची जुनी सवलतही राहिलेली नाही.

आणि मग कुणीतरी येतो बारा टक्के घेऊन

इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त पैसा इथे गेलाय.

दर वाढायला लागले की वातावरण तयार होतं. बँक सात देते, पोस्ट साडेसात देतं, मग बाराचं ऐकून माणसाला वाटतं, चला, दर वाढलेत म्हणून हेही वाढलं असेल. चार टक्क्यांच्या काळात बारा टक्के संशयास्पद वाटतात, सात टक्क्यांच्या काळात तेच बारा टक्के जवळचे वाटायला लागतात. दरवाढीचा पोर्टफोलिओवर होणारा सगळ्यात वाईट परिणाम मला विचाराल तर हा आहे. बॉण्डमध्ये सात टक्के गेले तर कमावता येतात. मुद्दल गेलं तर पोराचा धंदा सुरूच होत नाही.

सहकार आपल्या जिल्ह्याच्या रक्तात आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला साखर कारखाना हा आपला अभिमान आहे, आणि आजही कित्येक पतसंस्था नीट चालतात, छोट्या माणसाला उभं करतात. मी सहकाराच्या विरोधात नाही. पण नगर अर्बन बँकेचं काय झालं ते विसरायचं का? शंभरी ओलांडलेली, गावातल्या प्रत्येक घराला ओळखीची बँक. ६ डिसेंबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, खात्यातून काढायला फक्त १० हजार. ४ ऑक्टोबर २०२३ ला परवाना रद्द. पुरेसं भांडवल नाही आणि कमाईची शक्यता नाही, हे रिझर्व्ह बँकेने दिलेलं कारण. ही बँक व्याजदर वाढल्यामुळे बुडाली नाही हे स्पष्ट सांगतो. तिथे दिलेली कर्जं परत आली नाहीत, कर्जवाटपातल्या गैरव्यवहाराचे गुन्हे दाखल झाले. सिलिकॉन व्हॅलीची गोष्ट मुदतीची, ही गोष्ट कर्जदारांची. दोन वेगळे धोके आहेत, आणि एकापासून पळताना माणूस दुसऱ्याच्या दारात जातो.

त्या बँकेतल्या ज्यांच्या ठेवी ५ लाखांच्या आत होत्या, त्यांना ठेव विम्याचा आधार होता. पूर्वी ही मर्यादा १ लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. वरच्या रकमेसाठी अवसायकाकडून वसुली होईल तेव्हा. आता धंदेवाल्यासाठी महत्त्वाचा मुद्दा, जो मी दर बॅचमध्ये सांगतो आणि दर बॅचमध्ये निम्म्या लोकांना तो नवीन असतो. ५ लाख हे दर खात्याला नसतात, दर बँकेत दर माणसाला असतात, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज मिळून. तुमचं दुकान एकट्या मालकीचं असेल, तर दुकानाचं चालू खातं आणि तुमचं स्वतःचं बचत खातं हे एकाच माणसाचं धरतात. एफडी ४ लाख, चालू खात्यात ३ लाख, तर विमा ५ लाखांचाच. भागीदारी फर्मचं खातं मात्र वेगळं मोजतात. म्हणून चालू खातं एका बँकेत आणि ठेव दुसऱ्या बँकेत, एवढं साधं करून ठेवा.

आणि पतसंस्था, मल्टिस्टेट सोसायटी? त्यांच्या ठेवींना हा विमा नाही. अजिबात नाही. नावात "क्रेडिट" असो, काचेचं ऑफिस असो, दिनदर्शिका छापत असो. पतसंस्था राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली असते, मल्टिस्टेट केंद्राच्या २००२ च्या कायद्याखाली, दोन्हींवर रिझर्व्ह बँकेचं बँकेसारखं नियंत्रण नसतं. शेजारच्या बीडमधल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे ठेवीदार २०२३ पासून काय भोगतायत, ते मराठवाड्यातल्या नातेवाइकांना विचारा. बारा टक्के ठेवीदाराला द्यायचे तर संस्थेने कर्ज पंधरा-सोळाने दिलं पाहिजे. सोळाने कर्ज कोण घेतं? ज्याला बँकेने परत पाठवलंय तो. तुमचा पैसा शेवटी त्या माणसाकडे आहे. त्याचा धंदा तुम्हाला माहीत आहे का?

पतसंस्थेत पैसे ठेवूच नका असं म्हणणं सोपं आहे, पण गावात बँकेची शाखा दहा किलोमीटरवर आणि पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज दारात, हे मलाही कळतं. पिग्मी चालू ठेवा, छोट्या दुकानदाराला ती शिस्त लावते. फक्त साठलं की दर तीन-चार महिन्यांनी काढून बँकेत न्या. धंद्यासाठी जमवलेलं भांडवल तिथे पाच वर्षांच्या "दामदुप्पट" पावतीत घालू नका.

एफडी मोडायची का?

दर वाढले की हा प्रश्न हमखास. उत्तर मुदतीवर आहे. समजा साडेपाच टक्क्यांनी पाच वर्षांची लाखाची एफडी केली, एकच वर्ष झालंय, आणि आता दर सात टक्के आहे. मोडली तर बँक झालेल्या एक वर्षाचा त्या वेळचा दर धरते, समजा ५, आणि त्यातून दंड साधारण १ टक्का कापते. साडेपाच हजारांऐवजी ४ हजार मिळाले, दीड हजार गेले. पण पुढची चार वर्षं दरसाल दीड हजार जास्त, म्हणजे ६ हजार आले. मोडा. चार वर्षं झाली असतील तर उलटं होतं. मागच्या चार वर्षांचे चार-साडेचार हजार जातात आणि उरलेल्या एका वर्षाचे दीड हजार येतात. राहू द्या. तुमच्या बँकेचा दंड विचारून हेच गणित करा, दहा मिनिटांचं काम आहे.

त्यापेक्षा बरं म्हणजे शिडी. पाच लाखांची एकच पावती करण्यापेक्षा एक-एक लाखाच्या पाच, एक ते पाच वर्षांच्या. दरवर्षी एक सुटते. दर वाढले असतील तर ती नव्या दराने लागते, घसरले असतील तर उरलेल्या जुन्या दरावर चालू राहतात, आणि अडचण आली तर एकच मोडावी लागते. दर कुठे जाणार हे मला माहीत नाही, टीव्हीवरच्या माणसालाही माहीत नसतं, शिडीला ते माहीत असावं लागत नाही.

एसआयपीबद्दल लांबण लावत नाही. जून २०२२ मध्ये सेन्सेक्स ५१ हजारांच्या आसपास घसरला होता, लोकांनी घाबरून एसआयपी बंद केल्या, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तो ६३ हजारांच्या वर होता. दरवाढ तेव्हाही चालूच होती. दहा वर्षांचा पैसा असेल तर चालू ठेवा. पण कॅश क्रेडिट तुंबलेलं असताना एसआयपी चालू ठेवण्यात शौर्य नाही. सोनं व्याज देत नाही म्हणून दर वाढले की ते पडतं असं पुस्तकात असतं, पण त्या काळात आपल्याकडे ते वाढलंच. घरातलं सोनं राहू द्या, त्यावर धंद्याचं नियोजन करू नका.

शेवटचा मुद्दा घरातल्या मोठ्यांच्या पैशाचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं भांडवल वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून किंवा विकलेल्या अर्ध्या एकरातून येतं, आणि उरलेला भाग जास्त व्याजासाठी कुठल्यातरी सोसायटीत असतो. दर वाढण्याचा खरा फायदा या वयाला मिळतो. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ७.४ वरून एप्रिल २०२३ मध्ये ८.२ झाला, मर्यादाही तेव्हाच १५ वरून ३० लाख झाली. खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं तसाच राहतो, मग रेपो कितीही खाली येवो. व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं. अण्णांना "तिथे ठेवू नका" म्हटलं तर ते ऐकत नाहीत, चेअरमन त्यांच्या ओळखीचा असतो. त्यांना पोस्टात सोबत घेऊन जा, आधार, पॅन आणि दोन फोटो घ्या, आणि सोसायटीतली जी पावती आधी सुटेल तिच्यापासून सुरुवात करा.